पाण्याचा अंदाज

जळगाव-धुळ्याकडे वर्तमानपत्राची जिल्ह्याची पानं वाचत जो मोठा झाला, त्याला एक वाक्य पाठ असतं. पोहायला उतरलेल्या अमुक तरुणाचा ‘पाण्याचा अंदाज न आल्याने’ बुडून मृत्यू झाला. विहिरीच्या जागी कधी तापी येते, कधी गिरणा, पांझरा, शेततळं, धरणाचं बॅकवॉटर. तरुणाच्या जागी शाळकरी मुलगा येतो, पोळ्याला बैल धुवायला गेलेला शेतकरी येतो, विसर्जनाला गेलेला मंडळाचा कार्यकर्ता येतो. ‘पाण्याचा अंदाज न आल्याने’ हे शब्द मात्र जागचे हलत नाहीत. पुढे पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद, गावात हळहळ, आणि बातमी संपली.

हा लेख त्या चार शब्दांबद्दल आहे. पण त्यांच्यापर्यंत यायला मला थायलंड, फ्लोरिडा आणि मेक्सिको असा बराच लांबचा वळसा पडला. तोच वळसा तुम्हालाही घालायला लावतोय, त्याबद्दल आधीच माफी.

2022 मध्ये रॉन हॉवर्डचा ‘थर्टीन लाइव्ह्ज’ प्राइमवर आला. पुण्यातल्या फ्लॅटवर आम्ही तिघांनी तो एका रात्री पाहिला. थाम लुआंगची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. 23 जून 2018 ला उत्तर थायलंडमधले फुटबॉल खेळणारे बारा मुलगे आणि त्यांचा प्रशिक्षक एका गुहेत शिरले, पाऊस लागला, गुहेत पाणी भरलं. नऊ दिवसांनी, 2 जुलैला, रिक स्टॅंटन आणि जॉन वोलॅन्थेन हे दोन ब्रिटिश पाणबुडे त्यांच्यापर्यंत पोचले. 8 ते 10 जुलै या तीन दिवसांत तेराही जण बाहेर आले. त्याआधी 6 जुलैला थायलंडच्या नौदलातला माजी कमांडो समन कुनान आत हवेच्या टाक्या पोचवून परतताना गेला. चित्रपट नीटनेटका आहे. आरडाओरडा नाही, गाणं नाही, गुहेचा नकाशा आणि अंतरं पडद्यावर येत राहतात. तरी तो संपल्यावर मला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. ही माणसं हे शिकली कुठं? चित्रपटात ती येतात तीच तयार होऊन. स्टॅंटन निवृत्त अग्निशामक जवान, वोलॅन्थेनचा आयटीचा व्यवसाय (इथं आमच्या खोलीत टाळ्या पडल्या), बाकी कोणी काय, कोणी काय. हौशी लोक. जगातल्या कुठल्याही नौदलाला जे जमत नव्हतं ते यांना शनिवार-रविवारच्या छंदातून आलं होतं.

त्या प्रश्नाचं थोडं उत्तर ‘द रेस्क्यू’ या 2021 च्या माहितीपटात मिळतं. एलिझाबेथ चाय वासरहेली आणि जिमी चिन यांनी तो केला, आणि माझ्या मते तो चित्रपटापेक्षा बराच सरस आहे. कारण साधं आहे. त्यात पाणबुडे स्वतः बोलतात, आणि आत जे घडलं ते टाकीत पुन्हा करून दाखवतानाही तेच पाण्यात उतरतात. त्यांचे हात पाहण्यासारखे आहेत. अभिनेता गाठ मारताना गाठीकडे बघतो. हे लोक बघत नाहीत.

माहितीपटात एक प्रसंग आहे जो मला सगळ्या गोष्टीचा सांधा वाटतो. मुलं सापडण्याआधी गुहेत पंपाचं काम करणारे चार कामगार मागे अडकले होते. स्टॅंटन आणि वोलॅन्थेन यांनी त्यांना थोड्याशाच अंतराचं पाणी पार करून बाहेर आणलं. त्या थोड्याशा अंतरातही मोठी माणसं घाबरून झटापट करू लागली. ती झटापट त्यांनी लक्षात ठेवली. म्हणून मुलांच्या वेळी ‘धीर देऊन नेऊ’ हा पर्याय उरला नाही. ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिसने मुलांना केटामाइनची भूल दिली, हात पाठीमागे बांधले, तोंडावर मास्क घट्ट बसवला आणि सामान न्यावं तसं प्रत्येक पोरगं पाण्याखालून नेलं. वाटेत भूल उतरू लागली की पाणबुड्यानेच पुन्हा सुई टोचायची. एका छोट्या अपघाताचं नीट वाचन झालं म्हणून तेरा जीव वाचले, असं मला तरी दिसतं.

आमच्याकडे त्या वेळी बातम्यांत आणखी एक नाव होतं. किर्लोस्कर ब्रदर्सच्या ज्या तज्ज्ञांना भारतीय दूतावासाच्या शिफारशीवरून गुहेतलं पाणी उपसायला बोलावलं गेलं, त्यांत सांगली जिल्ह्यातले प्रसाद कुलकर्णी होते. केळीच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला पंपवाल्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. उपसलेलं पाणी खालच्या भातशेतांत सोडलं गेलं, पिकं बुडाली, आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी भरपाई घेतली नाही. माझे वडील चित्रपटातल्या त्या एका दृश्यापाशी थांबले. ‘पेरणी नुकतीच झालेली असंन,’ म्हणाले, आणि पुढचा भाग बघेपर्यंत तेच बोलत राहिले.

तर, शिकले कुठं? शोधत गेलो तेव्हा एका पातळशा पुस्तकाची पीडीएफ हाती आली. शेक एक्सलीचं ‘बेसिक केव्ह डायव्हिंग: अ ब्लूप्रिंट फॉर सर्व्हायव्हल’, 1979. एक्सली फ्लोरिडात शाळेत गणित शिकवायचा. गुहेत एक हजार डुबक्यांची नोंद करणारा तो जगातला पहिला माणूस. फ्लोरिडात गुहांमध्ये शिरून मरणाऱ्यांचे कित्येक मृतदेह त्याने स्वतः बाहेर काढले होते. पुस्तकाची रचना अशी: प्रकरणाच्या सुरुवातीला एका अपघाताची हकीकत, मग त्या अपघातातून निघणारा एक नियम. मग पुढचा अपघात, पुढचा नियम. असे दहा.

मी या पुस्तकाची समीक्षा करतोय हे ऐकून एका मित्राने विचारलं, ‘मॅन्युअलची समीक्षा?’ हो, मॅन्युअलचीच. कारण गेल्या काही वर्षांत मी वाचलेल्या गद्यात इतकं कमी शब्दांत इतकं सांगणारं दुसरं काही मला आठवत नाही. एक्सली मेलेल्यांबद्दल हळहळत नाही आणि त्यांना मूर्खही म्हणत नाही. कोण, किती जण, कोणत्या टाक्या, किती वाजता, दोरी कुठं बांधली होती, दिवे किती होते, देह कुठं सापडला, टाकीत किती हवा उरली होती. विशेषणं जवळपास नाहीत. आणि तरी वाचताना घसा आवळतो, कारण चौथ्या-पाचव्या ओळीला तुम्हाला कळलेलं असतं की पुढं काय होणार, आणि त्या माणसांना ते अजून कळलेलं नसतं. शोकांतिकेची व्याख्या यापेक्षा फार वेगळी असेल असं वाटत नाही.

गुहेतलं पोहणं आणि विहिरीतलं पोहणं यांत फरक एवढाच की गुहेत डोक्यावर छत असतं. अडचण आली की वर यायचं, हा पोहणाऱ्याचा सगळ्यांत जुना आधार तिथं नसतो. वाट एकच, आलात तीच. त्यामुळे उघड्या पाण्यापासून आतपर्यंत अखंड दोरी हवी. पायाचा पंखा तळाला लागला की गाळ उठतो, आणि तो उठला की हातातला दिवा चेहऱ्यासमोर धरला तरी दिसत नाही. मग दोरी बोटांत धरून हातानं चाचपडत यायचं. दिवे तीन हवेत, कारण एक विझतोच, दुसराही विझू शकतो. हा सगळा अभ्यास आधी जमिनीवर होतो. झाडांना दोरी बांधतात, डोळ्यांवर पट्टी बांधतात, आणि मोठी माणसं बागेत आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी दोरीवरून चालतात. दोरी सुटली तर ती कशी शोधायची, जोडीदाराची हवा संपली तर आपल्या नळीतून त्याला देत, एकमेकांना धरून कसं यायचं, हे अंगवळणी पडेपर्यंत. दोरीवर बाणासारख्या खुणा लावतात आणि बाणाचं टोक नेहमी बाहेरच्या दिशेला. आंधारात बोटांनी टोक चाचपलं की घर कुठं ते कळतं.

आणि हवेचा एक-तृतीयांश नियम. हा मला फार आवडतो, कारण तो गणिताच्या शिक्षकाला शोभणारा आहे. टाकीत 210 बार दाब असेल तर आत जाताना 70 वापरायचे, काटा 140 वर आला की कितीही सुंदर काही समोर असो, मागं फिरायचं. बाहेर यायला 70 आणि 70 राखीव. आता सगळ्यांत वाईट प्रसंग घ्या. अगदी आतल्या टोकाला जोडीदाराची सगळी हवा गेली. माझ्याकडे 140. दोघांना बाहेर यायला प्रत्येकी 70. बेरीज बरोबर 140, शिल्लक शून्य. म्हणजे लोक ज्याला सुरक्षित अंतर समजतात ते मुळात काठावरचं अंतर आहे, आणि तेही दोघं घरी सोफ्यावर बसल्यासारखे शांत श्वास घेत असतील तर. घाबरलेला माणूस दुपटीने श्वास घेतो. हे गणित मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा ऑफिसातल्या सर्व्हरच्या ‘बॅकअप’बद्दलची माझी श्रद्धा बरीच कमी झाली.

हा छंद आज सगळ्यांत जास्त चालतो तो मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात. तिथं चुनखडीची जमीन आहे. पाऊस तिच्यात मुरतो, दगड विरघळवतो, आत पोकळ्या होतात, एखाद्या ठिकाणी छत कोसळतं आणि विहिरीसारखं गोल तोंड उघडतं. माया लोकांच्या शब्दावरून त्याला सेनोते म्हणतात. खाली मैलोन्‌मैल पाण्यानं भरलेले बोगदे. जानेवारी 2018 मध्ये साक आक्तुन आणि दोस ओहोस ही दोन जाळी जोडलेली सापडली, तेव्हा एकूण लांबी 347 किलोमीटर भरली. जळगावहून निघून नाशिक मागं टाकण्याएवढी. समोरच्या कोझुमेल बेटावरही सेनोते आहेत. तिथं वर गोडं पाणी, खाली समुद्राचं खारं, आणि दोन्ही जिथं भेटतात तिथं नजर अशी धूसर होते की तेल ओतलंय असं वाटावं. आपल्याकडे असं काही होणार नाही. आपला दगड काळा बेसाल्ट, तो असा विरघळत नाही. खानदेशात कोणी ‘गुहा’ म्हणालं तर त्याला अजिंठा किंवा पितळखोरा म्हणायचं असतं, म्हणजे माणसानं छिन्नीनं केलेलं काम.

युकातानमधल्या ओयो नेग्रो नावाच्या पाण्याखालच्या खड्ड्यात 2007 मध्ये पाणबुड्यांना एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीची हाडं सापडली. तिला नाया असं नाव दिलं गेलं. बारा ते तेरा हजार वर्षांपूर्वीची. तेव्हा समुद्राची पातळी खाली होती, बोगदे कोरडे होते. ती आंधारात चालत आली आणि खड्ड्यात पडली. कंबरेचं हाड मोडलेलं होतं. पाणी शोधायला आली असावी, असा तर्क आहे. ‘पाण्याचा अंदाज न आल्याने’ हे वाक्य तिलाही लागू पडेल, उलट्या अर्थानं.

एक्सलीच्या पुस्तकाकडे परत येतो, कारण त्यातली मुख्य गोष्ट अजून सांगायची आहे. त्यातला दहावा नियम अतिआत्मविश्वासाबद्दल आहे. आपल्याला सगळं येतं म्हणून नियम मोडायला स्वतःला कारणं देऊ नका, असा त्याचा मथितार्थ. 6 एप्रिल 1994 ला मेक्सिकोतल्या साकातोन नावाच्या अफाट खोल सेनोतेत एक्सली आणि जिम बोडेन एक हजार फुटांपर्यंत जाण्यासाठी उतरले. बोडेन 280 मीटरच्या आसपास जाऊन परतला, जगला. एक्सली आला नाही. काही दिवसांनी दोरी वर खेचली तेव्हा तिच्यासोबत त्याचा देह आला. दोरी त्याच्या अंगाभोवती गुंडाळलेली होती. त्यानं ती धरून राहण्यासाठी मुद्दाम गुंडाळून घेतली, की अडकली, यावर त्याचे सहकारी पुढे बरीच वर्षं बोलत राहिले.

नियम लिहिणाराच गेला, मग पुस्तकाचं काय उरलं? मराठीत असतं तर आपण यातून एक छान उपरोध काढून लेख संपवला असता. मला वाटतं तो उपरोध खोटा आहे. साकातोनची डुबकी साध्या हवेवरची नव्हती, तयारी वर्षानुवर्षांची होती, ती हौशी माणसासाठी लिहिलेल्या त्या पुस्तकाच्या कक्षेतच बसत नव्हती. आणि त्याहून महत्त्वाचं, त्याच्या लोकांनी त्याच्याबद्दल नेमकं तेच केलं जे त्यानं इतरांबद्दल केलं होतं. दोरी किती वेढे, टाकीत किती उरलं, कुठल्या खोलीवर काटा थांबला. गुरू गेला म्हणून त्याला सूट मिळाली नाही.

तरी या लेखनप्रकाराविषयी माझी एक तक्रार आहे, आणि ती पुस्तक तिसऱ्यांदा वाचताना सुचली. अपघाताचं विश्लेषण वाचणाऱ्याला एक छुपं सुख मिळतं. त्यानं दोरी लावली नाही, म्हणून तो मेला. मी दोरी लावतो, म्हणून मी मरणार नाही. दर प्रकरणागणिक वाचक स्वतःला थोडा अमर करून घेतो. आयटीत मोठी गडबड झाली की आम्हीही असाच एक कागद लिहितो. त्याला पोस्टमॉर्टम म्हणतात (सिव्हिल हॉस्पिटलात काम करणाऱ्या मावशीला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसत होती). कोणालाही दोष द्यायचा नाही, फक्त काय घडलं ते क्रमानं लिहायचं, असा त्याचा दंडक. चांगली पद्धत आहे. पण मी पाहिलंय की तो कागद वाचून झाल्यावर सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव असतो: चला, आपल्या टीमचं नव्हतं. एक्सली या सुखाला थोडा ओळखून आहे, दहावा नियम त्यासाठीच आहे. पण पहिली नऊ प्रकरणं ते सुख देतातच.

दुसरी गोष्ट पैशाची. हे प्रशिक्षण, दोन-दोन टाक्या, तीन दिवे, प्रवास, सगळं मिळून आमच्या गावात एखादी विहीर खणून होईल. ज्याला ‘सुरक्षित’ मरण्याचा धोका पत्करायचा आहे त्याच्यासाठी पुस्तकं आहेत. ज्याला पंपाचा फुटव्हॉल्व्ह काढायला पाण्यात उतरायचं आहे त्याच्यासाठी नाहीत.

म्हणजे नियम नाहीत असं नाही. आमच्या यावल-रावेरकडे विहिरीला ‘येहेर’ म्हणतात, आणि येहेरीचे नियम पोराला शाळेआधी येतात. पाठीला रिकामा डबा किंवा ट्यूब बांधून पोहणं शिकायचं. एकट्यानं उतरायचं नाही. उडी मारण्याआधी खाली कोण आहे ते ओरडून विचारायचं. बाहेर काढून ठेवलेले कपडे निघताना मोजायचे. कपडे जास्त, माणसं कमी, तर बोंब मारायची. जुन्या, बंद पडलेल्या येहेरीत उतरण्याआधी कंदील पेटवून दोरीनं खाली सोडायचा, विझला तर माणूस उतरवायचा नाही. हा शेवटचा नियम तर एक्सलीच्या पुस्तकात शोभेल इतका नेमका आहे. यातला प्रत्येक नियम कधीतरी कोणीतरी मेल्यावरच आला असणार. फरक हा की आपल्याकडे नियम उरला, हकीकत गळून पडली. आणि हकीकत नसलेला नियम सोळा वर्षांच्या पोराला म्हाताऱ्याची कटकट वाटते.

नवं पाणी आलं की तर नियमही नसतात. शेततळ्यांचं उदाहरण घ्या. 2016 पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत गावोगावी तळी झाली. खाली पाणी मुरू नये म्हणून प्लॅस्टिकचं अस्तर टाकतात. काठ उतरता असतो, त्यावर शेवाळ धरतं, आणि ओलं प्लॅस्टिक काचेसारखं होतं. आत पडलेला माणूस पट्टीचा पोहणारा असला तरी वर चढू शकत नाही. हात लावायला जागाच नाही. तो काठाशी, जमिनीपासून हातभर अंतरावर, दमून बुडतो. त्याला वाचवायला गेलेला दुसराही तसाच जातो. इथं पाण्याचा अंदाज चुकलेला नसतो. पाण्याची खोली त्या घरातल्या प्रत्येकाला फुटांत माहीत असते, खोदाईचं बिल त्यावरच निघालेलं असतं. काठावर खुंटा ठोकून गाठी मारलेली एक दोरी आत सोडली, जुने टायर बांधून टाकले, तर काम होतं. पण बातमी ‘अंदाज न आल्याने’ म्हणते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तालुक्यात कोणी दोरी बांधायला जात नाही. अंदाज यावा म्हणून कोण काय करणार?

म्हणून मला ते चार शब्द आळशी वाटत आले. नुसते आळशी नाही, मारक. ते कारण सांगितल्यासारखं दाखवतात आणि कारण गाडून टाकतात. दोष सगळा बुडालेल्याचा, तोही इतका मऊ की कोणाला राग येऊ नये. असं माझं मत होतं आणि बऱ्याच अंशी अजून आहे. आता ते पूर्ण का राहिलेलं नाही ते सांगतो.

माझा एक मित्र बारावीच्या सुट्टीत गेला. त्याच्याच शेतातली येहेर. आम्ही दोघं त्याच येहेरीत पोहायला शिकलो होतो. तळाची माती मुठीत घेऊन वर यायचं आणि मूठ उघडून दाखवायची, हा आमचा खेळ. तो कित्येकदा आणायचा, मी एकदाच. त्या येहेरीचा अंदाज त्याला नव्हता असं म्हणणं म्हणजे त्याला स्वतःच्या घराचा पत्ता माहीत नव्हता म्हणण्यासारखं आहे. मी त्या दिवशी परीक्षेच्या कामासाठी जळगावला होतो. तिसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या, आणि त्यांत ते शब्द होते.

एक्सली वाचल्यावर, म्हणजे बऱ्याच वर्षांनी, मी सुट्टीत गावी गेलो तेव्हा त्याला बाहेर काढणाऱ्या नानांकडे गेलो. पंचक्रोशीत कोणी बुडालं की त्यांनाच बोलावतात. पैसे घेत नाहीत, अंगावर घोंगडं टाकून चहा दिला की निघतात. मी विचारलं, काय झालं होतं? इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं, न थांबता, क्रमानं. आदल्या रात्री वळवाचा पाऊस झाला होता, बांधाचं पाणी येहेरीत उतरलं होतं.

‘पानी गढूय व्हतं. डोये उघडे ठेवून काय करतो? हातानं पाह्यलं.’

हातानं पाहिलं. बागेत डोळ्यांना पट्टी बांधून दोरीवर चालणाऱ्या माणसांना हेच शिकवतात, आणि नानांना ते कोणी शिकवलं नव्हतं. पाण्यातल्या मोटारीला आधाराला निळी नायलॉनची दोरी होती. मोटार वर-खाली करता यावी म्हणून तिची काही हात लांबी जास्तीची, सैल, पाइपाशेजारी पाण्यात तरंगत असायची. एरवी स्वच्छ पाण्यात ती दिसायची, आम्ही तिला पायानं बाजूला सारायचो. त्या दिवशी दिसली नाही. घोट्याला दोन वेढे होते.

त्या रात्री मी लॅपटॉपवर एक पान लिहिलं. एक्सलीच्या पद्धतीनं. तारीख, वेळ, आदल्या रात्रीचा पाऊस, पाण्याची पातळी, किती जण होते, कोण काठावर होतं, दोरी. खाली नियम: मोटारीची दोरी पाण्यात सैल सोडू नये, पाइपाला बांधून घ्यावी, पाऊस पडल्यावर पाणी निवळेपर्यंत उतरू नये. वाचून पाहिलं, बरं उतरलं होतं. सकाळी त्याच्या वडिलांना दाखवायचं ठरवलं. काकांना कारण कळायला हवं, निदान त्या पेपरातल्या शब्दांपेक्षा खरं काहीतरी.

सकाळी अंघोळ करताना लक्षात आलं की ती दोरी काकांनी बांधली होती.

ते शब्द कोणी का वापरतो, हे मला तोवर सुचलं नव्हतं. गावातला बातमीदार गावातच राहतो. त्याला काकांसमोरून रोज जायचं असतं. ‘अंदाज न आल्याने’मध्ये दोरी नाही, त्यामुळे दोरी बांधणाराही नाही. एक्सली ज्यांच्याबद्दल लिहितो त्यांचे वडील त्याच्या पुस्तकात कुठंच येत नाहीत. फ्लोरिडात ते दुसऱ्या राज्यात राहत असतील, वाचतही नसतील. आमच्याकडे ते बांधावर भेटतात. यावर माझ्याकडे तोडगा नाही. शेततळ्याच्या काठावर दोरी असायला हवी हे मत मी बदललेलं नाही, आणि नाव-गाव वगळून हकीकत छापता येते हेही मला समजतं. आत्ता मी तेच करतोय. पण ती काकांच्या हातात द्यायला मला जमलं नाही. पान लॅपटॉपवरच राहिलं.

निघायच्या आधी मळ्यात जाऊन आलो. दिवाळीचे दिवस, केळीला पाणी चालू होतं, येहेर निम्म्यावर भरलेली आणि पाणी नितळ. काठावर ओणवं होऊन पाहिलं. मोटारीच्या पाइपाला निळी दोरी लागून होती, आणि हातहात अंतरावर तिला तारेनं पक्के पिळे दिले होते. पाण्याच्या वर जेवढे दिसले तेवढे मोजले, सात. पाण्याखालीही ते तसेच खाली जात होते, नजर पोचेपर्यंत. तार गंजून काळी पडली होती, म्हणजे काम बरंच जुनं.

मागून काका आले. मी कशाकडे बघतोय ते त्यांनी पाहिलं असणार.

‘कधी आला रे? चाल, चहा घे,’ ते म्हणाले.